दुसऱ्यांदा न भेटणारी माणसं

सात महिन्यांत शलाका कुकडे एकाही सहकाऱ्याबरोबर दोनदा उडाली नव्हती.

हे तिच्या लक्षात आलं ते रायपूरच्या हॉटेलात, सकाळचा चहा घेताना. केबिन क्रूची प्रमुख म्हणून ती प्रत्येक फेरीनंतर सोबतच्या तिघांची नावं वहीत लिहून ठेवायची. कोणाचा हात चांगला आहे, कोणाला अजून शिकवायला हवं, एवढ्यापुरतंच. त्या दिवशी एका मुलीचं आडनाव आठवेना म्हणून ती पानं उलटत मागे मागे गेली आणि चहा तसाच निवत राहिला. एकाहत्तर फेऱ्या, दोनशे तेरा नावं. एकही नाव पुन्हा आलेलं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. नभांगण एअरलाइन्सचा मुख्य तळ नागपूर, आणि तिथून उडणारे हजारावर केबिन क्रू. एवढ्या लोकांत दर महिन्याला तीच माणसं फिरून फिरून भेटायची. वसईची जॅसिंता तुस्कानो तर शलाकाबरोबर इतक्यांदा उडाली होती, की मागच्या दाराशी एकीने हात पुढे केला की दुसरी न बघता पाण्याची बाटली द्यायची. त्या जॅसिंताचं तोंड शलाकाने सात महिन्यांत पाहिलं नव्हतं. एक उतरायची तेव्हा दुसरी निघालेली असायची. सुट्ट्याही कधी जुळत नव्हत्या.

मंदीला दोन वर्षं होत आली होती. विमानं अर्धी रिकामी उडत होती. कंपनीने दोन याद्या लावून एकशे नव्वद जणांना घरी पाठवलं होतं. उरलेल्या बाराशे चौसष्ट जणांची दोन फेऱ्यांमधली विश्रांती बारा तासांवरून नऊवर आणली होती. तिसरी यादी पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला लागणार होती.

पहिल्या यादीनंतर जॅसिंताने चाळीस जणांना जमवून संघटना काढली होती आणि मान्यता मागितली होती. मान्यता मिळाली, तर संघटनेशी बोलल्याशिवाय कंपनीला कोणालाही काढता येणार नव्हतं. कंपनीने सरळ नियमावर बोट ठेवलं. निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे सहाशे तेहतीस जणांच्या मूळ सह्या त्याच महिन्याच्या अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत कामगार आयुक्तालयात द्या, मग बोलू. चाळीस जणांचा फोनवरचा गट महिन्याभरात फुटला. कोणीतरी त्यातली नावं कार्यालयात पोचवली. दुसऱ्या यादीत त्यातले सहा जण होते. त्यानंतर कोणी कोणाला फोनवर काही लिहीना, आणि प्रत्यक्ष तर कोणी भेटतच नव्हतं.

शनिवारी दुपारी घरी आल्यावर शलाकाने ती वही नवऱ्यापुढे ठेवली. यशोधन कंपनीच्या रोस्टर विभागात विश्लेषक होता. कोण कुठल्या विमानावर जाणार हे ठरवणारं यंत्र त्याच्या हाताखाली चालायचं. तो ओट्याशी गवारीच्या शेंगा मोडत उभा होता.

"यश, हा योगायोग आहे का?"

त्याने वही पाहिली. कसला योगायोग, असं त्याने विचारलं नाही. तिथेच तिला अर्धं उत्तर मिळालं.

"बस," तो म्हणाला. "उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही."

त्याने सांगितलं ते असं. 'समतोल' नावाची ती प्रणाली मुळात रुग्णालयांसाठी बनली होती. कोणती परिचारिका कोणाच्या जवळ किती वेळ होती, यावरून साथ कुठे पसरेल ते ती आधीच सांगायची. पुढे ती बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं, की माणसांमधून नुसता आजार पसरत नाही, असंतोषही पसरतो. मात्र त्याची रीत वेगळी असते. सर्दी एका भेटीत लागते. बातमीही एका भेटीत पोचते. पण आपण काहीतरी करायचं, हे धाडस माणसाला एका भेटीत येत नाही. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटली, तेच पुन्हा पुन्हा बोलली, की मन तयार होतं.

"म्हणून दुसरी भेटच होऊ द्यायची नाही," यशोधन म्हणाला. "कोणतीही जोडी चारशे दिवसांत परत एकत्र येत नाही. विमानांना उशीर नाही, जादा माणूस लागत नाही. कोणाच्या लक्षातही येत नाही."

"माझ्या आलं."

"हो."

"आणि सुरुवात कुठून केली? कोण कोणाचं आहे, हे यंत्राला कोणी सांगितलं?"

यशोधनने हातातली शेंग मोडली, पुन्हा मोडली. "आधी थोडी नावं लागतात, त्यांवरून बाकीची यंत्र शोधतं. ती मुळातली मी दिली."

"कोणाची?"

"आपल्याकडे जेवायला यायचे ते सगळे." तिच्याकडे न बघता तो बोलत राहिला. "शलाका, मला वाटलं नुसते वेगळे ठेवतील. यादीत घालतील असं नव्हतं वाटलं. आणि तुझं नाव मी दिलं नाही."

"का नाही दिलंस?"

तो पुढची शेंग उचलून मोडू लागला. ती उठली. नोकरीवरून गेलेल्या सहांपैकी चौघे याच घरात पाटावर बसून जेवले होते. एकीने तर हीच गवार मागून घेतली होती. शलाकाने पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या घरात पुढचे कित्येक दिवस मीठ आणि किल्ल्या एवढ्यापुरतंच बोलणं झालं.

दहाव्या दिवशी ती गुवाहाटीच्या फेरीवर होती. उतारू उतरून गेले होते. एका अनोळखी मुलीने तिच्या टाचांकडे पाहून म्हटलं, "मॅडम, तुम्ही मुठेल लावा. कोकमाचं असतं. आमच्या फेरीत एकीने सांगितलं, तिला आणखी कोणीतरी सांगितलेलं. भेगा आठ दिवसांत भरतात."

शलाका कुडाळची. मुठेल तिच्या आजोळच्या फडताळात असायचं. आणि ते लावायला तिनेच सांगितलं होतं, नऊ दिवसांपूर्वी, इंदूरच्या फेरीत, भलत्याच एका मुलीला.

"तुला सांगणारी इंदूरला गेली होती का?"

"नाही मॅडम. ती कोचीहून आली होती."

परतीच्या विमानात शलाका मागच्या घडीच्या खुर्चीवर पट्टा बांधून बसली आणि बोटांवर हिशेब करू लागली. आपण तिघांना सांगितलं. ते तिघे तीन वेगळ्या विमानांवर गेले, तिथे प्रत्येकाला तीन नवी माणसं. सगळी नवीच, कारण जुनं कोणी भेटूच द्यायचं नाही! पूर्वी एखादी गोष्ट आपल्याच कोंडाळ्यात फिरत राहायची. आता ती चार-पाच फेऱ्यांत अख्ख्या कंपनीत पोचत होती. साथ अडवायला बांधलेल्या भिंतींनीच वारा सगळीकडे नेला होता.

जॅसिंताची आणि तिची गाठ पडली ती नागपूर विमानतळावर, क्रूच्या तपासणीच्या रांगेत. एक आत येत होती, एक बाहेर. मधे काचेचा कठडा होता आणि हातात जेमतेम चार मिनिटं होती.

शलाकाने भराभर सांगितलं. जॅसिंताने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाय, मुठेल आणि सही एक नव्हे. मुठेल लावून कोणाची नोकरी जात नाही. अनोळखी माणसाला सही कोण देईल?"

"कोणी देणार नाही. म्हणून मागायचीच नाही."

"मग?"

"आपली द्यायची. माझा भरलेला फॉर्म, नाव, क्रमांक, सही, सगळं समोरच्याच्या हातात ठेवायचं. म्हणायचं, तुझी नको, माझी सांभाळ. पटलं तर तू तुझी पुढच्या फेरीत कोणाला तरी दे, माझीही त्याबरोबर दे. दहा जमल्या की ज्याच्या हातात असतील त्याने त्या पोस्टाने तुझ्या पत्त्यावर पाठवायच्या."

जॅसिंता तिच्याकडे पाहत राहिली. "म्हणजे आपली मान त्याच्या हातात."

"त्याशिवाय तो एका भेटीत विश्वास का ठेवेल?"

"आणि कोणी नेऊन दिली तर?"

"तर माझी जाईल. एकच."

मागून रांग पुढे सरकली. जॅसिंताने काचेवर दोन बोटं टेकवली आणि निघाली. तिसऱ्या दिवशी कोऱ्या फॉर्मांचं जाड पाकीट शलाकाच्या घरी टपालाने आलं. प्रत्येकाच्या मागे जॅसिंताचा नागपुरातल्या सोमलवाड्याचा पत्ता होता.

पहिला फॉर्म तिने जबलपूरच्या फेरीत अमोघ बारलिंगेच्या हातात ठेवला. तिशीतला शांत माणूस, घरी दोन महिन्यांची मुलगी. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "बघतो मॅडम," एवढंच म्हणाला.

मग नुसती वाट पाहणं आलं. दर फेरीला ती नवा फॉर्म भरून एकाला द्यायची. कोणी हात मागे घ्यायचं, कोणी घाईने पर्समध्ये कोंबायचं. पुढे काय झालं ते कळायची सोयच नव्हती, कारण ती माणसं पुन्हा भेटत नव्हती. विमान उतरलं की तिला वाटे, आपण विहिरीत खडे टाकतो आहोत आणि आवाज येत नाही. एकदा मात्र पाटण्याच्या फेरीत एका उंच मुलाने न बोलता तिच्या हातात सहा कागद ठेवले. त्यातलं एकही नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. ते कागद तिने पोटाशी, गणवेशाच्या आत ठेवले आणि त्या दिवशी चार वेळा चहा वाटला.

एकोणीस तारखेला तिला कार्यालयात बोलावणं आलं. केबिन विभागाचे प्रमुख निरंजन कर्णिक टेबलाशी बसले होते. समोर तिचा फॉर्म होता. घडीवरून ओळखला तिने. जबलपूरचा.

"सही तुमचीच ना, मिसेस कुकडे?"

"माझीच."

"कोणाकोणाला दिलेत?"

"तुमच्यापर्यंत आला, म्हणजे कोणाला तरी दिलाच."

कर्णिक चिडले नाहीत. त्यांनी फोन उचलून यशोधनला बोलावलं. तो आत आला, बायकोला पाहून दारातच थबकला. कर्णिकांनी मुद्दामच केलं होतं ते.

"तुमची प्रणाली साथीचा माग काढते ना? मग काढा. या गेल्या तीन आठवड्यांत कोणाबरोबर उडाल्या, ते लोक पुढे कोणाबरोबर. यादी हवी. इथेच, आत्ता."

यशोधनने संगणक उघडला. शलाका त्याच्या बोटांकडे बघत होती. याच बोटांनी पहिली नावं टाइप केली होती. 

"पहिल्या पायरीला सत्तावीस जण," तो म्हणाला. "दुसऱ्या पायरीला पाचशेच्या आसपास."

"आणि तिसऱ्या?"

"बाराशे चौसष्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळे, सर. सगळेच संशयित. आठ महिने आपणच प्रत्येकाला प्रत्येकापर्यंत पोचवलंय. कुंपणच उरलेलं नाही, तर आतलं कोण आणि बाहेरचं कोण, हे यंत्र कसं सांगणार?"

कर्णिक खुर्चीत मागे टेकले. "यंत्र नाही सांगणार. तुम्ही सांगा. मागच्या वेळी पाच मिनिटांत नावं दिली होतीत. ही कोणावर विश्वास टाकेल, हे नवऱ्याला ठाऊक नसणार तर कोणाला?"

यशोधनचा चेहरा उतरला. शलाकाला वाटलं, आता हा बोलणार. दोन-तीन नावं तरी याला नक्की सुचत असणार.

"मागच्या वेळी दिली," तो सावकाश म्हणाला. "ती चूक होती. आता देत नाही."

"तीस तारखेच्या यादीत तुमचाही विभाग आहे."

"माहीत आहे. यादी मीच छापतो."

शलाकाला निलंबनाचं पत्र मिळालं. ओळखपत्र टेबलावर ठेवून ती बाहेर पडली. यशोधन तिच्या मागोमाग आला. रिक्षात दोघं शेजारी बसली. वर्धा रोड सरत होता.

"उशीर केलास," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"सहा जणांना उशीर झाला."

"हो, शलाका."

तिने त्याचा हात धरला नाही. पण घर येईपर्यंत ती त्याच्यापासून सरकूनही बसली नाही.

जॅसिंताच्या पत्त्यावर पाकिटं येतच होती, गुवाहाटीहून, कोचीहून, भुजहून. पंचवीस तारखेला चारशे दोन. सत्तावीसला पाचशे शहात्तर. अठ्ठावीसच्या सकाळी पोस्टमनने आणखी एकवीस दिल्या, आणि टपाल संपलं. पाचशे सत्त्याण्णव.

आयुक्तालयाच्या दुसऱ्या मजल्यावर सकाळपासून माणसं येत होती. कोणी सुट्टीवर होतं, कोणी फेरी संपवून थेट गणवेशात आलं होतं. सगळ्यांनी एकमेकांना कधी ना कधी कुठल्या तरी विमानात पाहिलं होतं, पण नाव कोणाला आठवत नव्हतं. मोजणी करणाऱ्या अधिकारी श्रीमती ढोबळे प्रत्येक कागद कर्मचारी क्रमांकाशी ताडून, दुबार आलेले वगळून बाजूला ठेवत होत्या. साडेचारला त्यांनी आकडा सांगितला. "सहाशे अकरा."

बावीस कमी होत्या. व्हरांड्यात तीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्या खिशात फॉर्म होते, पण हात खिशातून बाहेर येत नव्हते. पावणेपाचला त्यांच्यातली एक मध्यमवयीन बाई पुढे आली. केसांत एक पांढरी बट, हातात छोटी बॅग.

"एक विचारायचंय. मागच्या वेळी चाळीस जणांची नावं कंपनीला गेली. ती कुठून गेली? कोणी म्हणतं, तुमच्यातल्याच कोणीतरी दिली."

जॅसिंताने शलाकाचा दंड घट्ट धरला. "आता नको," ती कानाशी पुटपुटली. "पाच वाजू दे. मग सांग."

शलाकाने घड्याळ पाहिलं. चौदा मिनिटं होती. गप्प राहिलं तर कदाचित आकडा भरेल. मग उद्या केव्हातरी या माणसांना कळेल, आणि तेव्हा त्यांच्या सह्या अडकलेल्या असतील. तिने दंड सोडवून घेतला.

"माझ्या घरून गेली," ती म्हणाली. "माझा नवरा रोस्टर विभागात आहे. आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांची नावं त्याने दिली. मला दोन महिन्यांपूर्वी कळलं. या वेळी त्याने नावं दिली नाहीत, मी तिथेच होते. पण पहिल्या वेळी दिली हे खरं. सहा माणसं गेली, हेही खरं."

 एका मुलाने खिशातला कागद काढला, पाहिला, पुन्हा आत सारला. दोघीजणी जिना उतरून निघून गेल्या. जॅसिंताने डोळे मिटून घेतले.

"मला पण सांगायचंय." मागून आवाज आला. अमोघ बारलिंगे. गर्दीतून वाट काढत तो पुढे आला. "मॅडमचा फॉर्म कर्णिक साहेबांना मी नेऊन दिला. यादीची भीती वाटली. घरी लहान बाळ आहे." त्याने शलाकाकडे पाहिलं, मग खाली. "त्यानंतर पुढच्या प्रत्येक फेरीत कोणी ना कोणी मला आपला फॉर्म देत गेलं. मी काय करून बसलोय हे त्यांना माहीत नव्हतं. सात जणांनी दिला. सात वेगळी माणसं. सातवा फॉर्म हातात आला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही." त्याने बॅगेतून कागदांचा जुडगा काढला. "हे सात त्यांचे. मी कोणाला दाखवलेले नाहीत. आणि हा माझा."

श्रीमती ढोबळेंनी आठही कागद घेतले, क्रमांक ताडले. "सहाशे एकोणीस. सात मिनिटं आहेत."

पांढऱ्या बटेची बाई अजून तिथेच उभी होती. तिने शलाकाकडे रोखून पाहिलं.

"माझा तुमच्यावर विश्वास नाही," ती म्हणाली. "तुमच्या घरच्यांवर तर नाहीच. पण नऊ तासांची विश्रांती घेऊन मी आणखी वर्षभर उडू शकत नाही. आणि आता काहीतरी करायला हवं, हे मला अकरा जणांनी सांगितलंय, तुम्ही नव्हे." तिने फॉर्म टेबलावर ठेवला आणि वरून तळहाताने सारखा केला.

तिच्या मागे रांग लागली. टेबलावर एकामागून एक कागद पडत गेले. पाचाला एक मिनिट कमी असताना शेवटचा मुलगा धावत जिना चढून आला. त्याच्या गणवेशाला अजून विमानाचा वास होता.

श्रीमती ढोबळेंनी दार लावायला सांगितलं आणि पुन्हा एकदा सुरुवातीपासून मोजलं. वीस मिनिटं लागली.

"सहाशे अडतीस," त्या म्हणाल्या आणि शिक्का उचलला. "उद्या अकराला कंपनीला बोलावते. संघटनेशी बोलणी झाल्याशिवाय तीसची यादी लागणार नाही. संघटनेतर्फे कोण येणार ते लिहून द्या."

जॅसिंता तिथेच जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. माणसं तिच्याभोवती गोळा झाली. शलाकाने फोन काढला. यशोधनचा निरोप होता: 'किती?' तिने आकडा लिहिला. आणखी काही लिहावंसं वाटलं, पण ते तिने घरी जाऊन समोरासमोर बोलायचं ठरवलं.

पांढऱ्या बटेची बाई जिन्याकडे निघाली होती. शलाका तिच्या मागे धावली. "अहो, थांबा. तुमचं नाव काय?"

"फॉर्मवर आहे," मागे वळून न बघता ती म्हणाली. "मला सात चाळीसचं विमान आहे. उद्या बैठकीत काय होईल ते कळवा."

ती उतरून गेली. शलाका परत खोलीत आली, श्रीमती ढोबळेंची परवानगी घेऊन सहाशे अडतीस कागदांच्या गठ्ठ्याशी बसली, आणि त्यातली नावं वरच्या कागदापासून एकेक करून वाचायला लागली.